हवाबंद म्हणजे निर्धोक नव्हे
(डबाबंद अन्नाच्या इतिहासावर नभोवाणीवर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मे महिना निम्मा सरला, की आमच्या रत्नागिरीकडे चहाच्या टपरीवर एकच विषय असतो. कॅनिंगचा दर काय निघाला? पेटीत भरायचा आंबा तोवर मुंबई-पुण्याला गेलेला असतो. मागे राहिलेला लहान, डागी, वाऱ्यानं पडलेला आंबा क्रेटमध्ये भरून ‘कॅनिंगला’ जातो. पावसाची पहिली सर यायच्या आत तो घालवायचा, अशी सगळ्यांची धडपड. हा ‘कॅनिंग’ शब्द आपल्या तोंडी इतका रुळला आहे, की त्या डब्यामागं काय काय घडलं हे विचारायचं कुणाच्या मनात येत नाही. माझ्याही मनात आलं नव्हतं. एका काकींनी मला ते शोधायला लावलं.

झालं असं. माझ्या कार्यक्षेत्रातल्या एका गावात महिलांचा गट आहे. एका उन्हाळ्यात मी त्यांना आंब्याचा रस बाटलीत टिकवायला शिकवला. रस गाळायचा, त्यात सायट्रिक ॲसिड घालायचं, तापवायचा, गरम असतानाच धुऊन उकळलेल्या बाटल्यांत भरायचा, झाकण घट्ट बसवायचं आणि बाटल्या अर्धा तास उकळत्या पाण्यात ठेवायच्या. रस उत्तम टिकला. विकलाही गेला. शिकवताना मी एक वाक्य बोलून गेलो होतो, “एकदा हवाबंद केलं, की काही होत नाही.” बायकांनी तेच वाक्य पक्कं धरलं. पुढच्या वर्षी त्यांनी फणसाच्या कुयरीचे तुकडे उकडून, जरासं मीठ घातलेल्या पाण्यासह बाटल्यांत भरले, उकळले आणि साठ-सत्तर बाटल्या फडताळात रचून ठेवल्या. गणपतीला येणाऱ्या मुंबईकरांना विकायला. मी गेलो तेव्हा मोठ्या कौतुकानं त्यांनी त्या मला दाखवल्या. मंडळी, खरं सांगतो, माझ्या पोटात गोळा आला.

मी म्हटलं, या विकायच्या नाहीत आणि घरीही खायच्या नाहीत. तेव्हा गटातल्या वयानं मोठ्या काकी म्हणाल्या, “साहेब, झाकण फुगलेलं नाही, वास नाही, पाणी गढूळ नाही. तुम्ही सांगितलंत तसंच तर केलं. मग आंबा चालतो नि फणस का चालत नाही?”

प्रश्न अगदी रास्त होता. या प्रश्नाचं पक्कं उत्तर सापडायला जगाला शंभराहून अधिक वर्षं लागली आणि मधल्या काळात त्यापायी माणसंही दगावली. ती हकिकत आज तुम्हाला सांगणार आहे.

अन्न टिकवण्याच्या जुन्या रीती तुम्हाला माहीतच आहेत. उन्हात वाळवणं, मिठात मुरवणं, धूर देणं, साखरेच्या पाकात घालणं. सगळ्या रीती चांगल्या आहेत, पण त्यांत पदार्थाचा मूळ स्वाद बदलतो. सुकट म्हणजे ताजा मासा नव्हे. सव्वादोनशे वर्षांपूर्वी फ्रान्स देशात सतत लढाया चालू होत्या. दूरच्या सैन्याला आणि महिनोन्‌महिने समुद्रावर असणाऱ्या खलाशांना खारवलेलं मांस आणि कडक पाव खाऊन दिवस काढावे लागत. अशा काळात पॅरिसमध्ये निकोला आपेर नावाचा मिठाई करणारा एक कारागीर होता. जन्म १७४९ चा. हा काही शास्त्रज्ञ नव्हता, शिकला होता तो स्वयंपाकघरात. १७९५ च्या सुमारास त्यानं अन्न जसंच्या तसं टिकवण्याचे प्रयोग सुरू केले.

त्याची रीत ऐका, म्हणजे तुम्हाला ओळखीची वाटेल. शँपेन दारूच्या जाड काचेच्या बाटल्यांसारख्या बाटल्या घ्यायच्या. त्यांत वाटाणे, फळं, रस्सा, दूध, जे टिकवायचं ते भरायचं. बूच ठोकून बसवायचं आणि तारेनं आवळायचं. मग प्रत्येक बाटली कापडी पिशवीत घालायची, म्हणजे एखादी फुटली तरी काचा उडणार नाहीत. अशा बाटल्या मोठ्या कढईत पाण्यात उभ्या करून ठरावीक वेळ उकळायच्या. कोणत्या पदार्थाला किती वेळ, हे त्यानं पुन्हा पुन्हा करून ठरवलं. पॅरिसजवळ मासी या गावी त्यानं कारखाना काढला. भोवतीच्या जमिनीत तो स्वतः वाटाणा-घेवडा पिकवी, म्हणजे तोडलेला माल त्याच दिवशी बाटलीत जाई. हे मला फार आवडलं. आजही प्रक्रियेचा पहिला धडा तोच आहे, शेत आणि कढई जितकी जवळ तितका माल चांगला.

फ्रेंच नौदलानं त्याच्या बाटल्या जहाजांवर पाठवून पाहिल्या. माल टिकला. १८१० साली सरकारनं त्याच्यापुढं दोन वाटा ठेवल्या. एकस्व घेऊन धंदा स्वतःपुरता ठेव, नाहीतर १२,००० फ्रँक घे आणि कृती सगळ्यांसाठी छापून प्रसिद्ध कर. आपेरनं दुसरी वाट धरली. पुस्तक स्वतःच्या खर्चानं छापलं आणि अटीप्रमाणे २०० प्रती सरकारला दिल्या. नेपोलियननं बक्षीस लावलं आणि यानं ते जिंकलं, अशी गोष्ट सांगितली जाते. ऐकायला ती चांगली आहे, पण पैसे मिळाले ते अंतर्गत व्यवहार खात्याकडून आणि या अटीवर. पुढं १८१४ च्या लढाईत शत्रूच्या फौजांनी त्याचा कारखाना उद्ध्वस्त केला. १८४१ साली, नव्वदी ओलांडलेला हा माणूस गरिबीत वारला आणि त्याला सामायिक थडग्यात पुरलं. कृती सांगणारी पत्रकं आम्ही फुकट वाटतो, तेव्हा मला या माणसाची आठवण होते.

पण अन्न टिकतं का, हे आपेरला माहीत नव्हतं. उष्णतेचा आणि बाटली बंद असण्याचा काहीतरी संबंध आहे, एवढं तो हातानं शिकला होता. गे-ल्युसॅक या त्या काळच्या नामांकित रसायनशास्त्रज्ञानं बाटल्या तपासल्या आणि निर्णय दिला, की आतला प्राणवायू गेला म्हणून अन्न नासत नाही. मोठ्या माणसाचा शब्द! तो सगळ्यांनी उचलला. अन्न नासतं ते हवेमुळं, हवा बाहेर ठेवली की झालं, ही समजूत पुढं पन्नास वर्षं पक्की बसली. मी त्या बायकांना जे वाक्य ऐकवलं, ते दोनशे वर्षांपूर्वीचंच होतं, आणि तेव्हाही ते अर्धवटच होतं.

आता काचेकडून पत्र्याकडे येऊ. १८१० सालीच इंग्लंडात पीटर ड्युरंड यानं एकस्व घेतलं. परदेशातल्या मित्रानं कळवलेली ही कल्पना आहे, असं त्यानं त्यातच लिहून दिलं होतं. त्यात काचेबरोबर पत्र्याच्या डब्याचाही उल्लेख होता. लोखंडी पत्र्याला कथिलाचा मुलामा, म्हणजे आपण पितळी पातेल्याला कल्हई करतो तसाच प्रकार. काच फुटते, पत्रा फुटत नाही. त्या एकस्वावरून ब्रायन डॉन्किन आणि त्याच्या भागीदारांनी लंडनच्या बर्मंडसी भागात कारखाना काढला आणि १८१३ पासून सैन्याला आणि नौदलाला डबे पुरवायला सुरुवात केली. डबा हातानं वळायचा, हातानं डाख द्यायचा. उघडायला मात्र काहीच नव्हतं! छिन्नी-हातोड्यानं कडेकडेनं कापा, अशी सूचना असे. डबा उघडायचं हत्यार आलं ते १८५५ नंतर. डबा आधी आणि चावी चाळीस वर्षांनी.

डॉन्किनची एक गोष्ट मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. तयार झालेले डबे तो लगेच पाठवत नसे. ३२ ते ४३ अंश सेल्सिअस तापमानाच्या उबदार खोलीत ते महिनाभर ठेवी. आत काही जिवंत राहिलं असेल, तर त्या उबेत ते वाढतं, डबा फुगतो आणि खोड उघडी पडते. जंतूंचं शास्त्र तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं, पण शहाण्या व्यापाऱ्याची ही परीक्षा होती. १८२४ साली उत्तर ध्रुवाकडच्या मोहिमेवर गेलेला भाजलेल्या मांसाचा एक डबा शंभराहून अधिक वर्षांनी उघडण्यात आला, तेव्हा आतला जिन्नस जनावरांना खायला घालण्याइतका शाबूत होता.

आणि आता दुसरी बाजू. स्टीफन गोल्डनर नावाच्या ठेकेदारानं स्वस्त दरात निविदा भरून इंग्लंडच्या नौदलाचा ठेका मिळवला. पूर्व युरोपात डॅन्यूब नदीकाठच्या गलाट्स गावी त्याचा कारखाना होता. तिथं जनावरं स्वस्त, मजुरी स्वस्त. जहाजांवरून तक्रारी यायला लागल्या. शेवटी जानेवारी १८५२ मध्ये गॉस्पोर्टच्या कोठारात तपासणीस बसले आणि डबे फोडायला घेतले. ३०६ डबे उघडले. त्यांतले खाण्याजोगे निघाले फक्त ४२. दुर्गंधीनं माणसांना तिथं उभं राहवेना. वर्तमानपत्रांत गवगवा झाला, पार्लमेंटनं चौकशी नेमली आणि लोकांचा डब्यांवरचा विश्वासच उडाला.

दोष कशाचा होता? मांस वाईट, काम निष्काळजी, हे तर होतंच. पण एक कारण असं होतं, की ते तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही. खर्च वाचावा म्हणून डबे मोठाले केले होते आणि उकळायचा वेळ त्या मानानं वाढवला नव्हता. चुलीच्या आरात रताळं घालता ना तुम्ही? लहान रताळं भाजून निघतं. थोराड रताळं वरून काळं होतं आणि आतला गाभा कच्चा राहतो. डब्याचंही तसंच. कडेचं मांस शिजलं, मधला गोळा नुसता कोमट झाला. डबा मात्र पूर्ण हवाबंद! हवा बाहेर होती, तरीही आत सडलं. ‘हवा गेली की झालं’ या समजुतीला हा केवढा धक्का होता; पण तो तसा कुणी ओळखला नाही.

लुई पाश्चरनं १८६० च्या दशकात दाखवून दिलं, की अन्न नासतं ते हवेनं नव्हे, हवेतून आणि हातांतून येणाऱ्या सूक्ष्म जंतूंनी. उष्णता जंतू मारते, आणि बंद झाकण नव्या जंतूंना आत येऊ देत नाही. झाकणाचं काम एवढंच. आतले जंतू मारायचं काम आचेचं. आपेरची कृती बरोबर होती, गे-ल्युसॅकचं कारण चुकीचं होतं.

तिकडे अमेरिकेत बाल्टिमोर शहरात डबे करणाऱ्यांना घाई झाली होती. डबे पाच-सहा तास उकळत बसावं लागे. १८६० च्या सुमाराला तिथं पाण्यात कॅल्शियम क्लोराइड नावाचा क्षार घालून उकळायला लागले. त्यानं पाणी १०० ऐवजी सुमारे ११५ अंशांना उकळतं, आणि काम तासांचं मिनिटांवर आलं. डबे फुटायचे, कामगार भाजायचे, तेही झालं. १८७४ साली त्याच शहरात दाबाच्या वाफेवर चालणारी बंद भट्टी निघाली. तिला रिटॉर्ट म्हणतात. आपल्या कुकरची ती थोरली बहीण. गंमत अशी, की हे सगळं त्यांनी केलं ते वेळ वाचवण्यासाठी. जास्त आचेनं अन्न जास्त निर्धोक होतं, हे त्यांच्या मनातही नव्हतं.

ते कळलं १८९५-९६ च्या हिवाळ्यात. बॉस्टनचा एक जुना डबे करणारा कारखाना होता. तिसऱ्या पिढीतला विल्यम अंडरवुड फुगलेले शिंपल्यांचे डबे घेऊन तिथल्या तंत्रविद्यालयात गेला. डबे उकळूनही फुगतात का, हा त्याचा प्रश्न. सॅम्युअल प्रेस्कॉट नावाचा तरुण साहाय्यक त्याच्याबरोबर कामाला लागला. दोघांनी डब्यांच्या आत, अगदी मध्यभागी, तापमापक ठेवले आणि मधल्या घासापर्यंत आच पोचायला किती वेळ लागतो ते मोजलं. मग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर काही जंतू उकळूनही मरत नव्हते. ते बीजाणूच्या रूपात दडून बसत. कवच कठीण असलेलं तणाचं बी जसं उन्हाळाभर तापलेल्या जमिनीत पडून राहतं आणि पहिल्या पावसात उगवतं, तसा हा बीजाणू उकळत्या पाण्यात तग धरतो आणि डबा निवल्यावर फुटतो. त्याला मारायला वाफेच्या दाबाखालची, १२१ अंशांची आच लागते. या दोघांनीही एकस्व घेतलं नाही. जे सापडलं ते सगळ्यांसाठी छापलं.

अजूनपर्यंत गोष्ट चालली होती ती नासण्याची. नासलेलं अन्न वास मारतं, डबा फुगतो, माणूस फेकून देतो. खरा वैरी दुसराच होता, आणि तो वास देईलच असं नाही.

डिसेंबर १८९५ मध्ये बेल्जियममधल्या एलझेल या खेड्यात अंत्ययात्रेला वाजवायला आलेले वाजंत्री जेवायला बसले. जेवणात खारवलेलं डुकराचं मांस होतं. कित्येकांना एकाच्या दोन वस्तू दिसायला लागल्या, गिळता येईना, आणि तिघे मेले. व्हॅन अर्मेंगेम या प्राध्यापकानं त्या मांसातून एक जंतू शोधून काढला आणि १८९७ साली तो प्रसिद्ध केला. आज त्याला क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम म्हणतात आणि त्याच्या विषबाधेला बॉट्युलिझम. त्याचे बीजाणू मातीत असतात. तुमच्या-माझ्या शेतातल्या मातीतही ते असू शकतात. उघड्यावर ते निरुपद्रवी. पण त्यांची वाढ होते ती कुठं? जिथं हवा नाही, ओलावा आहे, आंबटपणा नाही आणि ऊब आहे तिथं. म्हणजे नेमकी आपली ती कुयरीची बाटली! हवाबंद झाकण या जंतूला अडवत नाही, उलट त्याला हवं तसं घर बांधून देतं.

१९१९ साली अमेरिकेत ओहायो राज्यातल्या कँटन गावी एका मेजवानीत कॅलिफोर्नियाचे बाटलीबंद पिकलेले ऑलिव्ह वाढले गेले. ते खाऊन सात माणसं दगावली. आणखी गावांतूनही तशाच बातम्या आल्या. साऱ्या राज्यातल्या कारखानदारांचा धंदा बसायची वेळ आली, तेव्हा त्यांनीच संशोधनाला पैसा दिला. १९२२ साली एस्टी आणि मेयर या शास्त्रज्ञांनी आकडे दिले. ते तुमच्यासमोर ठेवतो, कारण काकींच्या प्रश्नाचं उत्तर यात आहे. या जंतूचे कडक बीजाणू मरायला १०० अंशांना ३३० मिनिटं लागली, म्हणजे साडेपाच तास. ११० अंशांना ३२ मिनिटं. आणि १२० अंशांना फक्त ४ मिनिटं. हा वेळ आच मध्यभागी पोचल्यानंतरचा, चुलीवर ठेवल्यापासूनचा नव्हे. आपण बाटल्या उकळल्या अर्धा तास. उकळतं पाणी १०० अंशांच्या वर जात नाही, खाली कितीही लाकडं सारा.

मग आंबा का चालतो? कारण आंबटपणा. आंबटपणा आम्ही सामूनं मोजतो. सामू जितका कमी, तितका पदार्थ आंबट. सामू ४.६ हून खाली असेल, तर हा जंतू उगवत नाही आणि विष करत नाही. बीजाणू आत राहिला तरी तो झोपलेलाच राहतो. बाकीचे बुरशी-किण्वाचे जंतू उकळण्यानं मरतात. म्हणून आंबट पदार्थाला उकळतं पाणी पुरतं. लिंबू, आवळा, कोकम, करवंद, कैरी, अननस ही सगळी या बाजूची. पिकला हापूस गोड लागतो, तरी त्यात आम्ल असतंच. पण फळ फार पिकलं की आम्ल उतरतं आणि सामू वर सरकतो. म्हणून किलोभर रसाला साधारण ५ ग्रॅम सायट्रिक ॲसिड घालायला सांगतो. पुष्कळ जणांना वाटतं ते चवीसाठी किंवा रंगासाठी आहे, आणि रस गोड आहे म्हणून ते गाळतात. मंडळी, ते कुंपण आहे, ते काढू नका. टोमॅटोही अगदी कुंपणावरचा, त्यालाही आम्ल घाला.

फणस, कुयरी, मटार, घेवडा, मक्याचे दाणे, भेंडी, अळंबी, बांबूचे कोंब, नारळाचं दूध, मांस, मासे, हे सगळे पलीकडच्या बाजूचे. पिकलेले गरेसुद्धा. कारखान्यात गऱ्यांचे डबे करतात ते पाकात आम्ल घालून, सामू मोजून. भाजीचे डबे करतात ते रिटॉर्टमध्ये, १२१ अंशांना, डब्याच्या आकाराप्रमाणे वेळ ठरवून. डबा बदलला की वेळही बदलतो, गोल्डनरची आठवण ठेवा.

इथं हमखास एक प्रश्न येतो, की साहेब, आमच्या कुकरातही तेवढंच तापमान येतं ना? येतं, जवळपास येतं. पण घरचा कुकर लहान असतो, पटकन तापतो, पटकन निवतो. त्यातली हवा पुरी बाहेर गेली का, दाब सारखा राहिला का, हे मोजायला काही नसतं. आत अडकलेली हवा वाफेइतकी आच देत नाही. बाटलीच्या मध्यभागी किती अंश आले, हे सांगायला तापमापक नाही. कुकर भात-वरणाला उत्तम आहे. त्यात उकडलेली भाजी त्याच दिवशी खावी, वर्षभर ठेवू नये. घाटमाथ्यावरच्या बंधूंना आणखी एक सांगतो. महाबळेश्वरला पाणी साधारण ९५-९६ अंशांनाच उकळतं. रत्नागिरीचा वेळ तिथं पुरत नाही. आंबट फळांच्या बाटल्यांनाही उकळीत जास्त वेळ द्यावा लागतो.

खूण सांगा, म्हणून काकींनी विचारलं. खूण ही, की झाकण फुगलं, फेस आला, उघडताना फुस्स झालं, तर ते वाईट हे नक्की. पण यातलं काही झालं नाही म्हणून ते चांगलं, असं मात्र नाही. हे विष रंग-वास न बदलताही असू शकतं. जिभेवर थेंब ठेवून पाहण्याची सवय तर अजिबात नको. विषबाधा झाली तर बहुधा १२ ते ३६ तासांत पापण्या जड होतात, दुहेरी दिसतं, जीभ जड होते, गिळता येत नाही, हात गळतात, ताप मात्र नसतो. दृष्ट लागली, वारं गेलं, म्हणत वेळ घालवू नका. मोठ्या दवाखान्यात न्या आणि काय खाल्लं ते डॉक्टरांना सांगा, बाटली उरली असेल तर बरोबर न्या. यावर प्रतिविष आहे, पण ते लवकर द्यावं लागतं.

त्या बाटल्यांचं काय केलं? परसात खोल खड्डा घेतला आणि न उघडता पुरल्या. गुरांना-कोंबड्यांना घालायचं कुणी सुचवलं, तेही मी नाही म्हटलं, हे विष त्यांनाही मारतं. बाटल्या, झाकणं, जळण, शिवाय चार बायकांची आठवड्याची मेहनत. खर्चातला निम्मा भाग मी भरतो म्हटलं, कारण वाक्य माझं होतं. काकी म्हणाल्या, “पैशाचं राहू दे. पण पुढच्या खेपेला जे सांगाल ते पुरतं सांगा.” त्यानंतर मी बोर्डावर दोन रकाने काढल्याशिवाय शिकवायला सुरुवात करत नाही. आंबट आणि बिनआंबट.

गट थांबला नाही. कुयरीचे तुकडे वाफवून, कडक वाळवून ते आता पिशव्यांतून देतात. मुंबईकर भिजवून भाजी करतात. गऱ्यांची फणसपोळी करतात. खारातल्या कैऱ्या जुन्या रीतीनं आहेतच. त्या टिकतात त्या भरपूर मिठामुळं आणि मूळच्या आंबटपणामुळं. मीठ कमी केलं तर हिशेब बदलतो. आंब्याच्या रसाच्या प्रत्येक खेपेतल्या दोन-तीन बाटल्या त्या काकी चुलीजवळच्या उबदार कोनाड्यात तीन आठवडे ठेवतात आणि मगच बाकीच्या विकायला काढतात. डॉन्किनचं नाव त्यांना मी सांगितलं होतं, ते त्या विसरल्या. कोनाडा विसरल्या नाहीत. सामूचा मात्र तो पर्याय नव्हे. आम्ल मोजूनच घालायचं.

विकण्यासाठी करणाऱ्यांनी दोन गोष्टी कराव्यात. पूर्वी फळप्रक्रियेला १९५५ चा फळ उत्पादन आदेश लागू होता. आता अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ खाली नोंदणी किंवा परवाना लागतो, तो घ्या. आणि नवा पदार्थ बाटलीत भरण्याआधी त्याचा नमुना तपासून घ्या. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात आणि म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत यावर काम चालतं. जवळचं कृषी विज्ञान केंद्रही वाट दाखवील. सामूचा कागद दुकानात मिळतो, पण त्याचा अंदाज ढोबळ असतो. सीमेवरच्या पदार्थाला त्यावर विसंबू नका, प्रयोगशाळेत मोजून आणा. बाटलीवर पदार्थाचं नाव, भरल्याची तारीख आणि खेपेचा क्रमांक लिहा. एक बाटली बिघडली तर त्याच खेपेच्या बाकीच्या कुठं गेल्या, हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे.

तुमच्या घरी किंवा गटात बिनआंबट पदार्थाच्या बाटल्या आज भरून ठेवलेल्या असतील, तर त्या आधी बाजूला काढा आणि मग आम्हाला पत्र लिहा. पत्रात पदार्थ, बाटलीचा आकार, आम्ल किती घातलं आणि किती वेळ उकळलं, हे जरूर लिहा. पुढच्या भाषणात कोकमाचं आगळ आणि त्यातलं मिठाचं प्रमाण यावर बोलू.